आंब्या-कोकमाचं कॉकटेल पाणचट, फाटकं किंवा कडवट का होतं? सोप्यापासून अवघडापर्यंत तपासणी

एप्रिल-मे महिना. आठ-दहा मित्रमंडळी रात्री जेवायला येणार, घरात हापूस पिकलाय, कोकम आहे, बाटली आणून ठेवली आहे. पहिला ग्लास झकास होतो. सुरमई तव्यावरून उतरेपर्यंत जगमध्ये खाली गर बसलेला, वर गुलबट पाणी, आणि दुसरा ग्लास कुणी मागत नाही. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी हीच तक्रार असते आणि तिची कारणंही ठरलेली आहेत. दोष क्वचितच फळाचा किंवा दारूचा असतो. कॉकटेलमध्ये पाणी किती जातंय आणि कुठून येतंय, याचा हिशेब आधी केलेला नसतो, तिथून बिघाड सुरू होतो. बाकीची कारणं त्यानंतर.

आधी लक्षणं बघा

१. पहिला ग्लास कडक, अर्ध्या तासानंतरचा पाणचट.
२. गर तळाला, पातळ द्रव वर; किंवा आंब्यात जेलीसारखे धागे आणि गुठळ्या.
३. नारळाचं दूध घातलेल्या कॉकटेलमध्ये पांढरे कण.
४. पहिला घोट बरा, मागून जिभेच्या मुळाशी कडवटपणा.
५. खारट चव, साखर वाढवली तरी जात नाही.
६. तोंडाला तुरट, कोरडं वाटणं, आणि रंग काळपटत जाणं.
७. ओठांना, हिरड्यांना खाज.

एकाच वेळी दोन-तीन लक्षणं दिसली तरी खालचा क्रम सोडू नका. पहिल्या तीन तपासण्यांना एक पैसा लागत नाही आणि बहुतेक बिघाड तिथेच सापडतात.

जुळवून बघण्यासाठी मूळ माप

आपलं माप बरोबर आहे की नाही हे कळायला एक पक्कं माप समोर हवं. आठ ग्लासांसाठी हे घ्या: पांढरी रम ३६० मिली म्हणजे बरोबर दोन क्वार्टर, गाळलेला हापूसचा गर ४०० मिली, लिंबाचा रस १६० मिली, साखरेचा कच्चा पाक १२० मिली, थंड पाणी २०० मिली, मीठ दोन चिमूट. एका ग्लासाला दीड छोटा पेग, म्हणजे ४५ मिली रम येते. सगळं मिळून साधारण सव्वा लिटर भरतं.

आमरसाजोगा मध्यम हापूस असेल तर ४०० मिली गराला तीन-चार आंबे पुरतात. लिंबं मात्र दहा-बारा घ्या, उन्हाळ्यातल्या कागदी लिंबातून १५ मिली रस निघाला तरी खूप. पाकासाठी १०० ग्रॅम साखर १०० मिली कोमट पाण्यात विरघळवायची; उकळायची गरज नाही, साधारण १६० मिली पाक होतो.

कोकमाचं करायचं तर गराऐवजी अमृत कोकम २४० मिली आणि अननसाचा रस ३२० मिली घ्या, लिंबू ८० मिलीवर आणा आणि पाक अजिबात घालू नका. रम, पाणी, मीठ तेवढंच.

तपासणी पहिली: बाटलीवर काय लिहिलंय?

खारट कॉकटेलचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: अमृत कोकमाऐवजी आगळ ओतलेलं असतं. दोन्ही लाल, दोन्ही एकाच दुकानात शेजारी शेजारी, घरच्या बाटलीवर तर नावच नसतं. अमृत कोकम म्हणजे रातांब्याच्या साली साखरेत मुरवून काढलेला गोड रस. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, सोलकढीसाठीचा. चमचाभर तोंडात घेतलं की फरक लगेच कळतो, पण पाहुणे दारात असताना ते चाखून बघायचं राहून जातं. २४० मिली आगळ गेलं असेल तर ते कॉकटेल दुरुस्त होत नाही, ओतून द्या. साखर आणि लिंबू वाढवत बसलात तर फक्त खारट सरबताचं प्रमाण वाढेल. आगळ वापरायचंच असेल तर मिठाच्या जागी वापरा: आंब्याच्या सव्वा लिटरमध्ये दोन लहान चमचे. तेवढ्याने आंब्याचा गोडवा छान उठून येतो.

आंब्याचा डबाबंद पल्प असेल तर लेबलवर साखर आणि सायट्रिक आम्ल आहे का ते वाचा. असेल तर पाक अर्धा करा आणि लिंबू १३० मिलीपासून सुरू करा. ताज्या गराचं माप तसंच्या तसं डबाबंद पल्पला लावलं की कॉकटेल गोडमिट्ट होतं, मग ते तोडायला पाणी घातलं जातं आणि पाणचटपणाचं खापर बर्फावर फुटतं.

तपासणी दुसरी: ओतण्याआधी सगळं गार होतं का?

पाणचटपणाचं मूळ इथे आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेली रम, गर, रस सगळं ३२ अंशांवर असतं. असं एक लिटर मिश्रण ४ अंशांवर आणायचं तर २८ अंश खाली यावं लागतं, म्हणजे साधारण ३५० ग्रॅम बर्फ वितळून त्याचं पाणी होणार. एक लिटरमध्ये पाव लिटरपेक्षा जास्त पाणी गेलं आणि अजून कुणी ग्लास उचललेलाही नाही. तेच मिश्रण फ्रिजमधून ६ अंशांवर काढलेलं असेल तर याच कामाला जेमतेम २५ ग्रॅम बर्फ लागतो.

म्हणून रम, गर, पाक, रस, पाणी, सगळं आदल्या रात्री किंवा निदान सहा तास आधी फ्रिजमध्ये. रमची बाटली फ्रीझरमध्ये ठेवली तरी चालते, ४२.८ टक्के मद्य घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांना गोठत नाही. सोड्याची, बिअरची बाटली मात्र फ्रीझरमध्ये नको, फुटते. ग्लासही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

आता मापातले ते २०० मिली पाणी. सगळं गार केल्यावर वर पाणी कशाला, असं वाटेल. कॉकटेलला पाणी लागतंच. बारमध्ये बर्फासोबत हलवताना ते आपोआप मिसळतं आणि दारूचा चटका त्यानेच उतरतो. घरी मोठ्या मापात करताना ते पाणी बर्फाच्या भरवशावर सोडलं की पहिल्या ग्लासाला कमी आणि शेवटच्याला जास्त मिळतं. पहिलं लक्षण नेमकं हेच. मोजून आधीच घातलं, सगळं गार ठेवलं, की पहिला आणि आठवा ग्लास सारखा लागतो. बाकी सगळ्या घटकांच्या बेरजेच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी, हे प्रमाण कुठल्याही फळाला चालतं. कलिंगडासारखं पाणीदार फळ असेल तर मात्र पाणी निम्म्यावर आणा.

चव नेहमी गार झाल्यावर घ्यायची. थंडीत गोडवा कमी जाणवतो. ३२ अंशांना नेमकं वाटलेलं मिश्रण फ्रिजमधून आल्यावर आंबट लागतं.

तपासणी तिसरी: बर्फ जगमध्ये टाकताय?

टाकू नका. बर्फ ग्लासात, कॉकटेल जगमध्ये. जगमधला बर्फ पाहुणे गप्पा मारत असताना वितळतच असतो.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आपल्या विरुद्ध जाते, ती म्हणजे दमटपणा. गार ग्लासाच्या बाहेरून जे पाणी घळघळतं, ते हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी. वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते: बाहेर जमलेल्या दर ग्रॅमामागे आतला सुमारे सात ग्रॅम बर्फ वितळेल एवढी. म्हणून त्याच तापमानाला पुण्यात टिकणारा बर्फ मालवणात लवकर संपतो. उपाय स्वस्त आहे: काचेच्या जगऐवजी थर्मासचा जग किंवा घट्ट झाकणाचा दुपदरी स्टीलचा डबा घ्या. त्याच्या बाहेर पाणी धरत नाही, म्हणजे उष्णताही आत जात नाही. दिसायला काचेचा जग सुंदर, पण मे महिन्यात तो फक्त ओतण्यापुरता टेबलावर आणावा.

बर्फ कसा आहे तेही बघा. फ्रीझरमधून काढून ताटलीत दहा मिनिटं ठेवलेला बर्फ वरून चकाकतो. ते चकाकणं म्हणजे पाण्याचा थर आणि तो सरळ ग्लासात जातो. ताजा काढलेला खडा कोरडा, पांढरट दिसतो, बोटाला किंचित चिकटतो. तसाच बर्फ घ्या. चुरा नको. तुकडे जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि वितळणं जलद. स्टीलच्या छोट्या वाट्यांमध्ये पाणी गोठवून एका ग्लासाला एक मोठा गोळा टाकला तर दोन-चार छोट्या खड्यांपेक्षा जास्त वेळ टिकतो.

किती लागेल? एका ग्लासाला १५० ग्रॅम धरा. आठ जण, दोन-दोन ग्लास, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम; सांडलवंड धरून तीन किलो. घरच्या एका ट्रेमध्ये पाव किलोच्या आसपास बर्फ होतो. म्हणजे दहा-बारा ट्रे, आणि ते एका दिवसात होत नाहीत. दोन दिवस आधीपासून ट्रे भरा, बर्फ झाला की पिशवीत काढून तोंड घट्ट बांधून फ्रीझरमध्येच ठेवा. उघडा ठेवलेला बर्फ शेजारच्या बांगड्याचा वास घेतो आणि आंब्याच्या कॉकटेलमध्ये तो वास लपत नाही.

बर्फ कमी पडला म्हणून बंदरावरून लादी आणायची नाही. मिरकरवाडा असो की हर्णै, तिथला बर्फ मासळी टिकवण्यासाठी असतो. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा असा अन्न व औषध प्रशासनाचा नियम आहे, पण रंग दिसत नाही म्हणजे तो खाण्याचा, असं समजू नका. दुकानात पाकीटबंद खाण्याचा बर्फ मिळाला तरच घ्या. नाहीतर बर्फाशिवाय, फ्रिजमधून काढलेलं गार कॉकटेल लहान ग्लासात द्या. ते खरोखर चांगलं लागतं.

आजचं कॉकटेल आधीच पाणचट झालंय? बर्फ गाळून काढा. रम ६० मिली, लिंबू ३० मिली, पाक २० मिली असं मिश्रण वेगळं करून थोडं थोडं घालत चव घ्या. पुढच्या वेळी असं बिनपाण्याचं मिश्रण २०० मिली फ्रिजमध्ये राखीवच ठेवा.

तपासणी चौथी: लिंबू कसं आणि कधी पिळलं?

मागून येणारा कडवटपणा सालीतून आणि बियांतून येतो. लिंबू पिळणीत दोनदा, जोर लावून दाबलं की सालीतलं तेल आणि पांढऱ्या पापुद्र्यातला कडूपणा रसात उतरतो. एकदाच, हलक्या हाताने दाबा, उरलेला रस सोडून द्या. बिया लगेच गाळा. अख्खं लिंबू किंवा संत्र्याच्या फोडी बियांसकट मिक्सरमधून काढल्या तर तो रस सरळ टाकून द्या, तो सुधारत नाही.

वेळही महत्त्वाची. सकाळी पिळलेला रस रात्री वापरला तर ताजेपणा गेलेला असतो आणि कडवट छटा आलेली असते. संध्याकाळी चार-पाचला पिळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. किंचित कडवटपणा राहिलाच तर चिमूटभर मीठ घाला. मिठाने कडूपणा दबतो. साखरेने तेवढा दबत नाही.

खाजेचं लक्षण वेगळं, ते आंब्याच्या चिकाचं. देठाजवळचा चीक गरात गेला की ओठ चुरचुरतात. आंबे अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, देठाकडचा बोटभर भाग कापून टाका, मग साल काढा. ओठ सुजले किंवा अंगावर पुरळ आली तर ती ॲलर्जी असू शकते. त्या माणसाला आंबा देऊ नका.

तपासणी पाचवी: गर गाळला होता का, आणि रम कधी ओतली?

हापूस रेषाळ नाही म्हणून बरेच जण गर न गाळताच वापरतात. आमरसाला ते चालतं. कॉकटेलमध्ये रम आणि पाणी आल्यावर गराचे जाड कण वजनाने खाली बसतात. रव्याच्या चाळणीतून किंवा बारीक गाळण्यातून चमच्याच्या पाठीने गर रगडून काढा. दहा मिनिटांचं काम आहे आणि निवळण्याची निम्मी तक्रार इथे संपते.

उरलेली निम्मी तक्रार क्रमामुळे असते. आंब्यात पेक्टिन असतं, ज्याच्यामुळे जॅम धरतो तेच. कडक रम नुसत्या गरावर ओतली की जिथे ती पडते तिथे पेक्टिन आळतं आणि जेलीसारखे धागे तयार होतात. कितीही ढवळा, ते विरघळत नाहीत. गाळूनच काढावे लागतात. म्हणून आधी गर, पाणी आणि पाक एकत्र करून सैल करा, मग लिंबू घाला, आणि रम शेवटी, ढवळत ढवळत बारीक धारेने.

मिक्सर लावायचाच तर १५-२० सेकंद. जास्त फिरवलं की हवा भरते, वर फेस येतो आणि फेसाबरोबर गरही वर चढतो. खाली फिकं पाणी राहतं. तो फाटल्याचा भास असतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून चमच्याने फेस काढला की ठीक होतं. गाळलेलं, नीट क्रमाने केलेलं कॉकटेलसुद्धा तासाभराने थोडं बसणारच. प्रत्येक ग्लास भरण्याआधी पळीने तळापासून ढवळा.

तपासणी सहावी: नारळाच्या दुधातले पांढरे कण

अननस, नारळाचं दूध, रम हे आपल्याकडे जमून येणारं त्रिकूट, आणि सगळ्यात जास्त वेळा हेच बिघडतं. पांढरे कण दिसले की सगळे म्हणतात, फाटलं. पण कण दोन प्रकारचे असतात आणि दोघांवरचा उपाय वेगळा.

ओळखायचं असं: चमच्यात थोडे कण घेऊन तळहातावर ठेवा आणि मिनिटभर दुसऱ्या हाताने झाका. कण विरघळून हाताला तेलकट लागले तर ती नारळाची चरबी आहे. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, हिवाळ्यात बाटलीत दिसतं तसंच. गार कॉकटेलमध्ये तेच होतं. कण तसेच राहिले, बोटांत चोळल्यावर रवाळ वाटले, तर दूध खरोखर फाटलं आहे. आंबटाने त्यातली प्रथिनं आळली.

चरबी असेल तर दूध गार असताना मिसळू नका. घट्ट, पहिलं काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला पाक आणि अननसाच्या रसाबरोबर मिक्सरमध्ये मिनिटभर फिरवा, तेव्हा चरबी बारीक थेंबांत विखुरते. मग गार करा आणि देताना झाकणाच्या डब्यात पुन्हा जोरात हलवा. डब्यातल्या तयार नारळाच्या दुधात स्थिरक घातलेले असतात, त्यामुळे ते जास्त वेळ एकजीव राहतं. ताज्या दुधाची चव त्याला नाही, पण मोठ्या पंगतीला ते भरवशाचं.

फाटलं असेल तर आंबट कमी आणि उशिरा घाला. लिंबू सर्वांत शेवटी, ग्लासात ओतायच्या पाच मिनिटं आधी. लिंबाचं माप ग्लासाला १० मिलीच्या वर नेऊ नका. फाटलेलं पुन्हा जुळत नाही. फडक्यातून गाळलं तर खाली जे स्वच्छ पिवळसर पाणी उतरतं ते मात्र वाया घालवू नका, बर्फावर ते चांगलं लागतं.

गाईचं दूध, साय किंवा आइस्क्रीम घालत असाल तर कच्चा अननस नको. त्यातलं ब्रोमेलिन दुधातली प्रथिनं तोडतं आणि पंधरा-वीस मिनिटांत कडू चव येते. अननसाचा रस उकळी येईपर्यंत तापवून गार करून घ्या, किंवा डबाबंद रस वापरा. तो आधीच तापवलेला असतो.

तपासणी सातवी: काजूचं बोंडू आणि जांभूळ

तुरट, कोरडं वाटणं आणि काळपट रंग, हे दोन्ही टॅनिनमुळे. बोंडवाचा रस काढला आणि तसाच कॉकटेलमध्ये घातला तर घसा धरतोच. रस निवळून घ्यावा लागतो: एक लिटर रसाला ५ ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून पारदर्शक खळ करा, गार करून रसात ढवळा आणि १२ तास फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. टॅनिन खळीला धरून तळाला बसतं. वरचा स्वच्छ रस हळूच दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, तळाचा गढूळ भाग सोडा. हा रस बाहेर ठेवायचा नाही; आपल्या उन्हाळ्यात तो काही तासांत आंबायला लागतो, आणि बाटलीचं बूच घट्ट असेल तर बाटली फुटू शकते.

लोखंडी सुरी, विळी, बिडाचं भांडं टॅनिनच्या फळांना लावू नका, रंग शाईसारखा होतो. स्टील वापरा. आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात लिंबू, कोकम, अननस काहीच ठेवू नका: आंबटाने तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात. टेबलावर तांब्याचा जग शोभतो, तरीही नको.

जांभळाची बी मिक्सरमध्ये चिरडली जाणार नाही एवढं बघा, बाकी जांभूळ सोपं आहे.

तपासणी आठवी: पाणी आणि फ्रीझर

वरचं सगळं करूनही बर्फाला चव येते किंवा रंग काळवंडतो, तर विहिरीच्या पाण्याकडे बघा. आपल्या जांभ्याच्या जमिनीतल्या बऱ्याच विहिरींत लोह असतं; बादलीला तांबूस डाग धरतो. घरची परीक्षा: दुधाशिवायच्या कडक चहात थोडं ते पाणी घाला. चहा काळा-निळसर झाला तर लोह आहे. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि उकळून मीठ जात नाही. बर्फासाठी आणि मापातल्या २०० मिलीसाठी तेवढं जारचं पाणी आणा.

फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवलेला ट्रे सकाळी आतून पाणीदार असेल तर दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी अलगद सुटून आली तर रबर सैल झालंय. फ्रिज भिंतीपासून हातभर नाही तरी वीतभर पुढे घ्या. प्लग काढून मागची जाळी कोरड्या ब्रशने साफ करा. खाऱ्या हवेत तिच्यावर धूळ आणि गंज लवकर बसतो आणि उष्णता बाहेर जात नाही. वीज गेली तर फ्रीझर उघडूच नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

जाळी साफ केली, रबर ठीक आहे, तरी बर्फ होत नाही. किंवा कॉम्प्रेसर टकटक करून पुन्हा पुन्हा बंद पडतो. किंवा तांब्याच्या नळीच्या सांध्यावर तेलकट डाग दिसतो: फ्रिज मेकॅनिकला बोलवा. व्होल्टेजचा किंवा गॅसचा दोष घरी दुरुस्त होत नाही. साचलेला बर्फ सुरीने खरवडू नका, पत्र्याला भोक पडलं की दुरुस्ती फ्रिजच्या किमतीला जाते.

चहा काळा पडला तर पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. ते पाणी तुम्ही रोजही पिता.

डबा फुगलेला असेल, गराला आंबूस वास येत असेल, बुडबुडे येत असतील तर चाखून बघण्याच्या फंदात पडू नका. टाका.

वीस-पंचवीसच्या वर माणसं असतील तर घरच्या फ्रिजला आणि दोन हातांना ते झेपत नाही. बारटेंडर आणि बर्फाची सोय करणारा माणूस ठरवा. परवान्याचंही आधी बघा: महाराष्ट्रात दारू प्यायला सेवन परवाना लागतो, रमसारख्या दारूसाठी वयाची अट २५ आहे, आणि गोव्यातून फेणी किंवा उर्राकची बाटली परवान्याशिवाय आणता येत नाही. ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी रमऐवजी शहाळ्याचं पाणी ३६० मिली घालून, पाक निम्मा करून तेच कॉकटेल वेगळ्या रंगाच्या ग्लासात द्या.

बिनलेबलची, कुठून आली ते माहीत नसलेली दारू कितीही स्वस्त असली तरी फळांच्या रसात लपवून देऊ नका. तिच्यात मिथेनॉल असलं तर वासाने किंवा चवीने कळत नाही. पिऊन झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोळ्यांपुढे धुकं, प्रचंड डोकेदुखी, उलट्या, धाप सुरू झाली तर झोपू देऊ नका, थेट रुग्णालयात न्या आणि काय प्यायलं होतं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, उरलेली बाटली सोबत घ्या.

कुणी हाक मारून, हलवूनही उठत नसेल, श्वास संथ किंवा थांबत थांबत चालला असेल, अंग गार पडलं असेल तर १०८ ला फोन करा. तोवर एका कुशीवर वळवून ठेवा, तोंड किंचित खाली, आणि एकटं सोडू नका. लिंबूपाणी, ताक, मीठपाणी काहीही पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या घशातून ते श्वासनलिकेत जातं.